कांबळ रोवता येत नाही

आमचे हे पेज पिताना असे भुरके मारायचे, की अंगणातली कोंबडी दचकून पळायची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं, की आता हे जन्मभर ऐकायचं आहे. मी कपाळाला हात लावला. पुढे एक श्रावण असा आला, की हे भुरके कायमचे बंद पडतात की काय अशी पाळी आली. आणि ते बंद पडू नयेत म्हणून मी माझ्या सख्ख्या बापाशी चारचौघांत भांडले. आता बोला!

आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडे, नदीकाठचं. राज्य इंग्रजाचं, गाव मालगुजाराचं आणि घर आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे कधीच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आत्याबाई अंगानं एवढ्याशा, पण तोंड सुरू झालं की मारका हल्या, म्हणजे रेडा, तोसुद्धा बाजूला व्हायचा. माझ्या माहेरावर त्यांचा भारी राग. का? तर लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानावर वडे थंड पडले! मुलाची आई, मानाची विहीण, आणि तिला थंडे वडे! तेव्हापासून माझं नाव 'थंड्या वड्याच्या घरची' पडलं ते पडलंच. मीठ जास्त पडलं की थंड्या वड्याच्या घरची, घडा फुटला की थंड्या वड्याच्या घरची. त्या माझ्या माहेरी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नव्हत्या, तशी शपथच होती.

त्या साली रोवणा नुकताच आटोपला होता. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. एका तुकड्यात रोपं, म्हणजे पऱ्हे, वाढवायचे आणि मग उपटून चिखलाच्या बांध्यांमध्ये ओळीनं रोवायचे. कंबर मोडते, पण सगळ्या जणी मिळून गाणी म्हणत केलं की दिवस कसा जातो कळत नाही. आमच्या बांध्या हिरव्यागार दिसायला लागल्या आणि नदी आली. चार दिवस पाणी हललं नाही. माणसं, ढोरं टेकाडावर चढली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर बघते तर बांधीत नुसता चिखल. एक हिरवी काडी नाही!

आणि नेमका त्याच वेळी बाजारात अरकाटी आला. अरकाटी म्हणजे आसामच्या चहाच्या मळ्यांसाठी माणसं गोळा करणारा. डोक्याला तेल, खिशात घड्याळ, आणि गोंदियाच्या बाजारातली हिंदी. "चलो भाई, तीन साल की तो बात है!" आमच्या गावातून पूर्वी जे गेले होते त्यांच्यापैकी एकाचं पोस्टकार्ड आलं होतं. माणूस कोणाचाच परत आला नव्हता.

आमचे हे घरी येऊन म्हणाले, "धान नाही त घरी बसून का खाऊ? मी जातो."

मी चुलीपुढे बसून खूप रडले. लग्नाला वर्ष झालेलं, आणि खरं सांगते, मला तो माणूस आवडायला लागला होता. भुरक्यांसकट.

पाचव्या-सहाव्या दिवशी डोंग्यात बसून एक साहेब आला. आपल्याकडचाच, तरणा, भिजून चिंब, आणि एकसारखा शिंकणारा. चिंचेखाली बाज टाकली, तिच्यावर तो बसला. पूरग्रस्तांना सरकारी मदत द्यायची होती. मालगुजार त्याच्या कानाशी लागला, "रोख देऊ नका साहेब. मोहाची दारू पितील. काहीतरी वस्तू द्या."

साहेब आधी शिंकला, मग म्हणाला, "पुरात मी नव्हतो, हे लोक होते. काय वाहून गेलं ते यांनाच ठाऊक." आणि एकेका घराला हाक मारून, अंगठा घेऊन, चांदीचे रुपये हातावर ठेवायला लागला.

आत्याबाईंच्या हातावर बारा पडले. त्यांनी विचारलं, "याचं का घ्यायचं जी?"

"तुम्हाला जे लागेल ते."

"आणि कोणाले दाखवायचं?"

"कोणालाच नाही."

आत्याबाई परत आल्या आणि मला म्हणाल्या, "येडा आहे वाटते बिचारा." पण रुपये कनवटीला असे घट्ट बांधले, की चालताना हात तिथून निघेना.

नाल्याच्या पलीकडच्या गावात माझी लहानपणची मैत्रीण दिलेली होती. आम्ही दोघी एका माहेरच्या. तिकडे दुसरा साहेब गेला, आणि त्यानं तिथल्या मालगुजाराचं ऐकलं. त्या गावाला घरटी एक कांबळ आणि पायलीभर ज्वारी मिळाली. भात खाणारी माणसं आम्ही, ज्वारीची भाकर थापायची कोणाला ठाऊक! पण दिलं ते घेतलं बिचाऱ्यांनी.

इकडे आमच्याकडे रुपये होते, पण पऱ्हे कुठून आणायचे? नदीकाठची सगळी गावं धुऊन निघालेली. शेवटी मी भीत भीत बोलले, "कामठ्याकडं आमच्या बाबाच्या घरी पऱ्हे उरते दरसाली. उंचावरची जमीन आहे. उरलेलं ढोराले टाकतात."

झालं! आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. "थंड्या वड्याच्या घरी मी पदर पसरू?" पण बोलता बोलता त्यांचा हात कनवटीवर गेला, आणि आवाजच बदलला. "पसरायचा कायले? विकत घेऊ. पैसे टाकू न घेऊ!"

ह्यांनी अट घातली. "पोळ्याच्या आत रोवणा झाला त राहतो. नाही त अरकाट्याले हो म्हणतो." त्यांचंही खरं होतं. पोळा आला की पाऊस झाला भोळा. त्यानंतर रोवून काय उपयोग? पोळ्याला आठ दिवस उरले होते.

आम्ही बंडी जुंपली. गोंदियातून जाताना रेल्वेचं फाटक बंद, आणि आत्याबाई गाडीला शिव्या देताहेत, "जाऊन राहिली का नाही ओ बाई!" कामठ्याकडच्या आमच्या घरी पोचलो तर बाबा पळतच आले. त्यांचे पऱ्हे खरंच उरले होते, थोडे उंच झालेले, पण चालण्यासारखे.

"किती घ्याल?" आत्याबाईंनी विचारलं आणि गाठ सोडली.

बाबांनी दोन्ही कान पकडले. "राम राम! लेकीच्या घरचं आम्ही पाणी पीत नाही, पैसे घेऊ? घेऊन जा इहीनबाई, तुमचंच आहे."

"फुकटचं मले नको."

"पैशानं मी देत नाही."

"मग राहू दे तुमच्याजवळ!"

दोघंही खरे, दोघंही अडेल. बाबांना लेकीच्या सासरचे पैसे घेणं पाप, आणि आत्याबाईंना फुकट घेणं मरण. सूर्य डोक्यावर आला. बंडी रिकामी उभी. आमचे हे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून गवताची काडी चावत होते, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की हा माणूस मनातल्या मनात आसामात पोचला आहे.

मग मात्र माझं डोकं फिरलं. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, पण आवाज काही खाली न ठेवता मी ओरडले, "बाबा, तुम्ही पऱ्हे द्या, त्याचे पैसे घेऊ नका. आत्याबाई, ते उपटायले बाया लागतात, त्याइची मजुरी तुम्ही द्या, रोजच्यापेक्षा सव्वाई द्या. कोणाचा मान कमी नाही झाला. माझा नवरा जाऊन राहिला आसामात, न तुम्ही दोघं मान मोजत बसले!"

सुनेनं असं बोलायचं ते दिवस नव्हते. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात थिजून गेली. आत्याबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "किती बाया भेटतील?"

सात भेटल्या. दोन दिवस त्या जुड्या बांधत होत्या, आणि तेवढे दिवस आत्याबाईंनी शपथेपायी बंडीतल्या शिदोरीवर आणि गावच्या विहिरीच्या पाण्यावर काढले. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं एकेकीच्या तळहातावर मजुरी ठेवली, आणि तीही मोठ्यानं बोलून, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जावी. निघायच्या वेळी माझ्या आईनं कढईतले वडे थेट पानावर वाढले. आत्याबाई जरा थांबल्या. मग शपथ-बिपथ विसरून पाच खाल्ले, तोंड पोळलं तरी खाल्ले, आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मी मनात म्हटलं, जिंकलो.

बंडीवर पळसाची पानं झाकून, पाणी शिंपडत आम्ही पऱ्हे आणले. राहिलेल्या पैशांतून गावातल्या बाया लावल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेवटची बांधी रोवून झाली. आमच्यात रोवणा संपला की मालकाला चिखल माखतात. बायांनी ह्यांना धरलं आणि डोक्यापासून पायापर्यंत माखलं. तशातच धुऱ्यावर अरकाटी येऊन उभा राहिला. "क्यों भाई, चलते हो?"

ह्यांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला. "आता कसा येऊ जी? रोवणा झाला न माझा." बाया एवढ्या हसल्या, की अरकाटी छत्री उघडून चालता झाला. मी हसता हसता रडले. कुणाला कळलं नाही, तोंडावर चिखलच होता.

त्या दिवशी अरकाटी आमच्याकडून नाल्यापलीकडे गेला. तिथल्या बांध्या तशाच पडल्या होत्या. कांबळ काही रोवता येत नाही. माझ्या मैत्रिणीचा नवरा तीन सालांच्या बोलीवर गेला. जाताना कांबळ घेऊन गेला, तिकडे थंडी असते म्हणून.

आमचं धान त्या साली थोडं कमीच उतरलं, पण उतरलं. पुढची सालं बरी गेली. पोरं झाली. मी 'थंड्या वड्याच्या घरची'च राहिले, पण आता ते नाव घेताना आत्याबाई हसायच्या. भुरके मात्र वाढतच गेले, आणि मीही रोज त्यांच्यावर करवादायची. सवयच झाली होती.

मैत्रीण मधूनमधून यायची. तीन सालं होऊन किती सालं लोटली ते आम्ही दोघीही बोलायचो नाही. कुंकू ती लावायची. एका संक्रांतीला अशीच आली, चुलीजवळ माझ्या बाजूला बसली. ओसरीवर हे पेज प्यायला बसले. भुर्रर्र! मी नेहमीप्रमाणे आतून ओरडायला तोंड उघडलं, "माणसावानी प्या न जी..."

तिनं माझं मनगट धरलं.

"ओरडू नको ओ," ती म्हणाली. "मारू दे भुरके. मले ऐकू दे."

मी उठून ह्यांच्या वाटीत आणखी पेज घातली.