घंगाळातला समुद्र

निवृत्त झाल्यावर शेलूबाजारची शाळा सुटली, पाठोपाठ घरही सुटलं आणि मी वाशीमला मुलाकडे राहायला आले. इथे दिवाणखान्यातली मोक्याची जागा माझ्या सुनेच्या माशांनी आधीच धरलेली होती. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. आत दोन नारिंगी मासे, काही गोगलगायी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा. समुद्र कुठे, वाशीम कुठे! वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी माशांचा पंप, मग माझा पंखा. मी विहीणबाईंना फोनवर ऐकवायची, "तुमच्या पोरीनं सारं मीठ माशायलेच चारलं. आमच्या वरणात टाकाले उरत नाई." विहीणबाई बिचाऱ्या हसून सोडून देत. त्यांच्यापुढे मान खाली घालायची नाही, हे मी लग्नाच्या मांडवातच ठरवलं होतं.

झिंग्याचं मात्र मला कौतुक होतं. सूनबाईने पाण्यात हात घातला की तो तिच्या बोटांवर चढे आणि नखं कोरून साफ करी. ती श्वास रोखून बसलेली असे. एकदा मला म्हणाली, "आई, तुमी टाकून पाहा हात." मी म्हटलं, "माही नखं साफच हायेत." खरं तर हात घालावा असं फार वाटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही निवृत्त शिक्षिका कोकणात सहलीला गेलो. किनाऱ्यावर मला एक दगड दिसला. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन झालेला, पांढुरका, भोकाभोकांचा. आमच्या काळ्या दगडांच्या मुलखात असं काही बघायला मिळत नाही. एका होडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पोवळ्याला हात लावू नका, हा साधा सुटा दगड आहे, एखादा न्या. ओल्या टॉवेलात गुंडाळून परतीच्या गाडीत मी तो मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या वाटेत वास सुटला. बाया नाकाला पदर लावून माझ्याकडे बघायला लागल्या, तरी मी तो खाली ठेवला नाही. सुनेसाठी आजवर साड्या आणल्या होत्या. तिच्या माशांसाठी पहिल्यांदाच काही आणत होते.

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, आता लगेच टाकीत.

"असा नाई टाकता येत, आई," ती म्हणाली. "याच्या भोकाइत काय काय मरून सडलं असन. ते सारं पाण्यात उतरते."

तिने दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकला, तो फसफसला. "चुन्याचा हाय. चालते." मग ब्रशने घासणं, पाणी बदलून बदलून भिजवणं, गच्चीवर कडक उन्हात वाळवणं. मी म्हटलं, "उकळून घे ना, एका दमात काम होते." तर म्हणे, "उकळाचा तं बिलकुल नाई. आत कायचं जहर असलं तं वाफेतून आपल्यालेच बाधते." शेवटी मोरीजवळच्या प्लास्टिकच्या बादलीत खारं पाणी, त्यात छोटा पंप आणि तळाशी माझा दगड. रोज बाटलीतले थेंब टाकून पाण्यात सडका अंश उरलाय का, ते ती तपासायची आणि म्हणायची, अजून नाही.

मला ते लागलं. फरशी पुसायच्या बादलीशेजारी माझी भेट पडून होती आणि येता-जाता मला दिसत होती.

तेवढ्यात तिच्या भाच्याचं बारसं निघालं. ती माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पंप चालू राहू द्या, आई."

ती गेली आणि मी माळ्यावरून माझ्या आईचं तांब्याचं घंगाळ काढलं. चिंच लावून असं घासलं की तोंड दिसावं. आमच्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी म्हणजे औषध. मी रोज सकाळी अनशापोटी तेच पिते, शाळेत मुलांनाही तेच सांगत आले. दगड, पंप, बादलीतलं खारं पाणी, सगळं घंगाळात हलवलं. काही दिवसांत पाण्यावर निळसर-हिरवी झाक आली. मला वाटलं, समुद्र आपल्या रंगावर आला! शेजारणीला बोलावून दाखवलंसुद्धा. सून यायच्या आदल्या दिवशी बादली स्वच्छ घासली, नवं खारं पाणी केलं आणि दगड परत ठेवला. घंगाळाचं तिला सांगितलं नाही. लोणच्याची आपली एखादी खुबी आपण सुनेपासून राखून ठेवतो, तशी ही मी राखली.

तिने थेंब टाकून पाहिले. वाईट काही निघालं नाही. "झाला तयार तुमचा गोटा," म्हणत तिने तो टाकीत अगदी मधोमध ठेवला. झिंगा लगेच वर चढून बसला. त्या संध्याकाळी मी टीव्ही लावलाच नाही.

झिंगा फार दिवस टिकला नाही. एका सकाळी आडवा पडलेला दिसला, मग गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मासे तेवढे तगले. सूनबाई बादल्यांवर बादल्या पाणी बदलत होती आणि स्वतःलाच बोल लावत होती. मीठ जास्त पडलं असेल, पाणीच खराब असेल. मधेच तिने सहज विचारलं, "आई, मी नसतानी गोटा बादलीतच होता ना?"

मी तर या प्रश्नाची वाटच बघत होते. "बादलीत कायले ठेवीन? माह्या मायच्या तांब्याच्या घंगाळात ठेवला, चिंचेनं घासून. म्हणून तं एवढा साफ झाला."

तिने हातातला पाण्याचा मग बादलीत सोडला. ती हळू आवाजात म्हणाली, "झिंग्याले, गोगलगायीले तांबं म्हणजे जहर असते, आई. खाऱ्या पाण्यात ते लवकर उतरते, अन् दगड पिऊन घेते." आणि लगेच, "मीच सांगाले पायजे होतं. तुमाले कसं माहीत असन?"

"आता पुन्हा धुतला तं?"

"नाई. हा आता कदीच टाकता नाई येत."

ती ओरडली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. ती ओरडली नाही. दगड काढून तिने पुसला, कागदात गुंडाळला, जणू अजूनही तो भेटच होता. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. उभ्या आयुष्यात वर्गात मुलांना म्हणत आले, अडलं की विचारा, विचारायची लाज धरू नका. आणि घरात सुनेला एक प्रश्न विचारायला माझी जीभ रेटली नाही.

दुपारी ती ओट्याशी पोळ्या लाटत होती, मी दाराआड मेथी निवडत बसले होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "झिंगा कसा काय मेला वं?"

"माह्याच हातून झालं, मम्मी. गोटा नीट धुतला नाई मी."

"काहून असा हलगर्जीपणा करतं? तुह्या सासूनं तं तुले चांगलंच झाडलं असन."

"नाई. त्या काईच नाई बोलल्या."

मेथीची जुडी मी बाजूला सारली. मी उठले, हात पदराला पुसले आणि ओट्यावरचा फोन उचलून घेतला.

"विहीणबाई," मी म्हटलं, "तुमची पोरगी खोटं बोलून राह्यली."

मग मी घंगाळापासून सांगायला सुरुवात केली.