काटेबाईंचं उंची सांगणारं घड्याळ

काटेबाई चौतीस वर्षं विमानांच्या नोकरीत होत्या आणि या चौतीस वर्षांत विमानात एकदाही बसल्या नव्हत्या.

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमानतळाच्या मागच्या अंगाला विमानं दुरुस्त करायची मोठी शेड होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर उपकरणांची खोली. तिथं बाई ऑल्टिमीटर दुरुस्त करायच्या. विमान किती उंचीवर आहे ते वैमानिकाला सांगणारं तबकडीचं यंत्र म्हणजे ऑल्टिमीटर. दिसायला टेबलावरच्या गजराच्या घड्याळासारखं. त्याचे काटे अडखळायला लागले, भलतंच काही दाखवायला लागले की ते त्या खोलीत यायचं आणि सगळे म्हणायचे, "द्या बाईंकडे, काटे त्यांचंच ऐकतात." त्यातून हे नाव पडलं. पुढं पुढं तर हजेरीच्या कागदावरचं नाव वाचलं की हे कोण बुवा, असं नवीन माणसं विचारायची.

त्या यंत्राच्या पोटात पातळ पत्र्याची एक पोकळ डबी असते. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तशा तिच्यावर वळ्या. भोवतालची हवा विरळ झाली की डबी फुगते. फुगते म्हणजे किती, तर केसाच्या जाडीइतकी. तेवढ्या हालचालीवर एक दांडी उचलली जाते, दांडी चाकं फिरवते आणि काटा हजारो फुटांची उंची दाखवतो. दुरुस्त केलेलं यंत्र बाई काचेच्या जाड हंडीखाली ठेवायच्या आणि पंपानं आतली हवा काढून घ्यायच्या. काटा चढायला लागायचा. दहा हजार फूट, वीस हजार, तीस हजार. खुर्चीवरून न उठता बाईंनी अशा किती चढण्या चढल्या याला हिशेब नाही.

विमानात न बसण्याचं कारण मात्र त्या कुणाला सांगायच्या नाहीत. त्यांना भीती वाटायची. कंपनीकडून कर्मचाऱ्यांना वर्षाला प्रवासाचा पास मिळायचा, तो दरवर्षी कपाटात पडून मुदत संपवायचा. नवऱ्यानं एकदा फारच खोदून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बिघडलेलंच येतं हो सगळं. धडधाकट यंत्र मी कधी बघतच नाही. विमानात बसले की मला समोर तेच दिसेल."

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, बाईसुद्धा. त्यांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला होता. जगातल्या नद्या तोंडपाठ, आणि गाव सोडून लांब कुठं फारसे गेलेले नाहीत. विमानात बसायची त्यांना केवढी हौस, पण बायकोला मागं ठेवून जाणं जिवावर यायचं. त्यांची एकुलती एक मुलगी डोंगरातल्या एका गावी इस्पितळात रुग्णांना व्यायामोपचार द्यायची. तिच्याकडे ते दोघं एकदाच गेले होते, बसनं, एकोणीस तास. बाईंना घाटात इतक्या उलट्या झाल्या की पुढची तीन वर्षं मुलगीच इकडे येत राहिली.

बाई निवृत्त झाल्या आणि महिनाभरानं मास्तरांच्या घड्याळाचा पट्टा बदलायला बाजारात गेल्या. दुकान मोठं होतं. पट्टा बसवून होईपर्यंत त्या काचेच्या कपाटांसमोरून सावकाश चालत होत्या, आणि एका कपाटापाशी थांबल्या त्या थांबल्याच.

मनगटी घड्याळ होतं ते. काळी तबकडी, पांढरे आकडे, वेळेचे निळे काटे. पण तबकडीच्या कडेनं दुसरे आकडे होते आणि त्यांच्यासाठी वेगळा, पिवळ्या टोकाचा काटा. ते आकडे बाईंच्या ओळखीचे होते. चौतीस वर्षं रोज समोर होते.

"हे उंची दाखवतं?" त्यांनी विचारलं.

विक्रेती तरुण मुलगी होती. तिनं कपाट उघडलं. "हो मॅडम. यात बॅटरी वगैरे काही नाही, सगळं यंत्रावर चालतं. वैमानिकांसाठीची खास आवृत्ती आहे. फक्त पाचशे बनवलीत. हे एकशे सदतिसावं."

"यंत्रावर? एवढ्याशात डबी कुठं बसवली?"

"कसली डबी?"

बाईंनी पर्स उघडली आणि डोळ्याला लावायचं भिंग काढलं. नोकरी सुटली तरी ते पर्समधून निघालं नव्हतं. मुलीनं घड्याळ उलटं करून मखमलीवर ठेवलं. पाठीमागची काच पारदर्शक होती. बाई खाली वाकल्या.

त्यांच्या खोलीतली डबी तळहातावर मावेल एवढी असायची. ही नखाएवढी होती. वळ्या मात्र तशाच, एकसारख्या, एकीत दुसरी. तिच्यावरची दांडी मुंगीच्या पायासारखी. दाते मोजू म्हटलं तर डोळ्याला पाणी येत होतं. बाईंनी श्वास रोखून धरला, काचेवर वाफ यायला नको म्हणून. चाकांच्या खालच्या बाजूला, जिथं घड्याळ उघडल्याशिवाय कुणाची नजर पोचणार नाही, तिथंही कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. भिंगातून तिरकं पाहिल्यावर तेवढी एक चमक दिसली आणि काटेबाईंच्या अंगावर काटा आला.

"हे निळे काटे रंगवलेले नाहीत," त्या पुटपुटल्या. "तापवून आणलाय हा रंग. क्षणभर जास्त तापलं तर काळं पडतं. कुणी केलं असेल हे?"

"मॅडम, तुम्ही याच कामातल्या का?" मुलीनं हळूच विचारलं.

"होते," बाई म्हणाल्या. "पण हे बनवणाऱ्या पोरांपुढं मी कोण? मी हे आयुष्यभर केलं आणि मला वाटायचं, यापेक्षा बारीक होऊच शकत नाही."

किंमत ऐकून त्यांनी घड्याळ जपून परत ठेवलं, आणि पट्टा बसवलेलं मास्तरांचं घड्याळ काउंटरवरच विसरून घरी आल्या.

जेवताना मास्तरांनी घड्याळाचं विचारलं तेव्हा सगळी गोष्ट बाहेर आली. बाई एरवी मोजकं बोलणाऱ्या, पण त्या दिवशी भाजी निवून गेली तरी त्यांचं संपेना. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "घेऊन टाक."

"वेड लागलंय का? तेवढ्यात घराला दोनदा रंग होईल."

"घराला रंग मीही देऊ शकतो. तू घड्याळ घे. पण एक अट आहे. ते जिथं खरं चालतं तिथं त्याला न्यायचं."

"म्हणजे कुठं?"

मास्तरांनी घास हातातच ठेवून वर बोट दाखवलं.

दोन दिवस बाई बँकेचं पासबुक उघडून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दुकानात गेल्या आणि एकशे सदतीस नंबर मनगटावर बांधून आल्या. त्यांच्या बारीक मनगटावर ते ताटलीसारखं दिसत होतं. शेजारीण म्हणाली, "यजमानांचं चुकून घातलंत वाटतं." बाई हसल्या. त्या घड्याळाला डाव्या बाजूला एक छोटी किल्ली होती. ती सैल केली की बाहेरची हवा आत जायची आणि पिवळा काटा जागा व्हायचा. बाई लिफ्टनं सातव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन यायला लागल्या, काही काम नसताना. काटा जाताना सरकायचा, येताना पुन्हा जागेवर. एका सकाळी त्यांनी मास्तरांना उठवलं आणि सांगितलं, "आपलं घर रात्रीत सत्तर फूट वर गेलंय."

मास्तर अंथरुणात उठून बसले. "हवेचा दाब उतरलाय. वादळ येतंय."

संध्याकाळी वारा इतका सुटला की समोरच्या दुकानाची पाटी उडाली. त्या दिवसापासून मास्तर सकाळी वर्तमानपत्राच्या आधी बायकोचं मनगट बघायला लागले.

मुलीच्या गावी जायची तिकिटं त्यांनीच काढली. दोन पंख्यांचं, साठ-सत्तर माणसांचं विमान. बाई खिडकीशी बसल्या, पट्टा आवळला आणि डोळे मिटून घेतले. पंखे घरघरायला लागले, विमान धावलं, पाठ खुर्चीला चिकटली. मास्तर खिडकीकडे वाकले होते. ते म्हणाले, "अगं, काटा बघ."

बाईंनी डोळे उघडले, ते खिडकीकडे न बघता मनगटाकडे. पिवळा काटा चढत होता. पाचशे, आठशे, हजार. अडखळत नव्हता, थरथरत नव्हता. हंडीखाली हजारो वेळा पाहिलेली ती चाल. फक्त इथं पंप नव्हता. इथं त्या स्वतः हंडीच्या आत होत्या आणि बाहेर खरं आकाश होतं. नखाएवढ्या त्या डबीला ते कळत होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं घड्याळ अलगद झाकलं, पाखरू धरावं तसं, आणि मग पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्ते दोऱ्यासारखे झाले होते. ढगाचा एक तुकडा पंखाखालून गेला. मास्तरांनी त्यांचा हात धरला होता, पण भीती कुठं गेली होती त्यांनाच कळलं नाही.

काटा पाच हजारांच्या थोडा वर जाऊन थांबला.

"वैमानिक तर वीस हजार म्हणाला," मास्तर काळजीनं म्हणाले. "बिघडलं की काय?"

"बिघडलं नाही. विमान वीस हजारांवर आहे, पण आत हवा भरून ठेवलीय. आपल्याला पाच हजार फुटांवरच्या गावात बसवून ते गाव वीस हजारांवर नेलंय." बाई थांबल्या. स्वतःच बोललेलं त्यांना नव्यानं ऐकू आलं. "मला हे माहीत होतं हो. पण माहीत असणं काय आणि बसणं काय."

उतरायच्या जरा आधी त्यांनी पाणी देणाऱ्या मुलीला बोलावलं. "कॅप्टनना विचाराल का, खाली विमानतळावर दाब किती आहे?"

"कसला दाब, मावशी? बरं वाटत नाहीये का?"

"हवेचा. त्यांना विचारा, त्यांना कळेल."

मास्तरांनी लाजून मासिकात तोंड घातलं. ती परत आली ती कागदी रुमालावर आकडा घेऊन. एक हजार सोळा. बाईंनी किल्ली फिरवून तबकडीवर तो आकडा जुळवला, म्हणजे काटा समुद्रापासूनची खरी उंची दाखवेल. चाकं टेकली, विमान वळून उभं राहिलं, दार उघडलं. आत थंड, पातळ हवा आली. खिडकीतून विमानतळाची इमारत दिसत होती आणि तिच्यावर ठळक पाटी होती, समुद्रसपाटीपासून उंची ५३४० फूट.

बाईंचा काटा पाच हजार तीनशे चाळीसच्या अंगावर, एका बारक्या रेघेचा फरक सोडून, उभा होता. त्या बराच वेळ पाटी आणि मनगट, मनगट आणि पाटी असं बघत राहिल्या. इतकी मोठी जमीन, एवढा डोंगर, आणि त्याची उंची त्यांच्या हाताला कळली होती.

बाकी सगळे उतरल्यावर कॅप्टन स्वतः आपल्या खोलीतून बाहेर आली. पन्नाशीची बाई होती, केसांत पांढरी बट. "दाब कुणी विचारला?"

काटेबाईंनी मनगट पुढं केलं. कॅप्टननं ते नीट पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. "तुम्ही वैमानिक आहात?"

"नाही. मी ऑल्टिमीटर दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं. विमानात आज पहिल्यांदा बसले."

कॅप्टन बाजूला झाली आणि म्हणाली, "आत या."

पुढची खोली छोटी होती, मोटारीच्या पुढच्या भागापेक्षा थोडीच मोठी. सगळीकडे टीव्हीसारखे पडदे, त्यांच्यावर रंगीत आकडे. मधोमध, पडद्यांच्या खाली, एक जुन्या पद्धतीची गोल तबकडी बसवलेली होती. "हे सगळे पडदे बंद पडले," कॅप्टन म्हणाली, "तर आम्ही याच्याकडे बघतो."

बाईंनी कितीतरी वर्षं अशा तबकड्या टेबलावर उताण्या पाडून, उघडून, पुसून, जुळवून पाहिल्या होत्या. आपल्या जागी बसून काम करताना एकही पाहिली नव्हती. त्यांनी मनगट तबकडीशेजारी नेलं. दोन्ही काटे एकाच आकड्यावर होते. मास्तर दारात उभे होते. त्यांना बायकोचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती, आणि ती बराच वेळ हलली नाही.

"कॅप्टन," बाई शेवटी म्हणाल्या, "याच्यावर विश्वास ठेवता ना तुम्ही?"

"त्याच्यावर आणि ते जुळवणाऱ्यांवर," कॅप्टन म्हणाली.

बाहेर त्यांची मुलगी वाट बघत होती. आईला विमानातून शेवटी उतरताना पाहून तिला वाटलं, उलट्या झाल्या असणार. ती पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "आई, त्रास झाला का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझं घर इथून किती वर आहे?"

"वर म्हणजे? दहा मिनिटं लागतात, चढ आहे."

"मिनिटं नको. फूट सांग."

मुलीनं बाबांकडे पाहिलं. मास्तरांनी खांदे उडवले आणि बॅगा उचलल्या. चढावर बाई सगळ्यांच्या पुढं होत्या, धापा टाकत, दर वळणावर थांबून मनगट बघत. मुलीच्या दाराशी पोचल्यावर त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी सांगितलं, दोनशे दहा.