मालकांनी केलेला साबण

लढाई संपून वर्ष झालं होतं. आमचे मालक फौजेतून रजेवर कुंडलला आले, ते साबण करायचं खूळ डोक्यात घेऊनच. पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, कॉस्टिक सोडा, तेल अन् पाणी, बास.

सांगलीहून सोडा आला. करंजाचं तेल घरात होतंच. भांडं म्हणून त्यांनी ट्रंकेतनं आपलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं काढलं. सरहद्दीवर त्यांच्याबरोबर फिरलेलं ते पातेलं. आम्ही त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

मी साताऱ्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेली. म्हटलं, "आवं, ह्यात नको. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, हा सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो."

"तुमच्या बाई फौजेत हुत्या का?" झालं, विषय संपला.

त्यांनी पातेल्यातल्या पाण्यात सोडा टाकला आणि काठीनं ढवळलं. बघता बघता वाफा निघायला लागल्या. सासूबाई हातातलं सूप ठेवून धावत आल्या. "चूल न्हाई, जाळ न्हाई, अन् पानी तापलं कसं? काय घातलंस रं त्यात?"

"सोडा पान्यात इरघळला की पानी आपसूक तापतंय, आई," मालक ऐटीत म्हणाले. एवढं त्यांना बरोबर ठाऊक होतं.

पण पाणी नुसतं तापून थांबेना. पातेलं फसफसायला लागलं, फेस काठावर आला, घसा खवखवायला लागला. "मागं सरका!" मालक कवायतीच्या आवाजात ओरडले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच मागं सरकले. फेस बसला तेव्हा पातेल्याचा तळ काळा पडला होता आणि बारीक भोकांतनं पाणी गळत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लढाईत टिकलं गं बाई, अन् घरात येऊन मेलं."

दुसऱ्या दिवशी मालकांनी मुकाट्यानं मातीची कुंडी घेतली. साबण झाला, पिवळट आणि उग्र वासाचा. पहिली आंघोळ अर्थात त्यांचीच.

"कसा हाय?" मी विचारलं.

"लय झकास."

संध्याकाळी ते दाराच्या चौकटीला पाठ घासताना सापडले. मी खोबरेल घेऊन बसले. पाठ लालभडक झाली होती. "हसतीस व्हय?" "न्हाई ओ," म्हणत मी पदर तोंडात कोंबला.

अंथरायच्या वाकळा मात्र त्या साबणानं लख्ख निघाल्या. शेजारणी तुकडा मागायला यायच्या. मालक गंभीरपणे सांगायचे, "अंगाला लावू नगा. मुद्दाम कापडासाठीच केलाय."