महिनाभर आधी गेलेला निरोप

बायको गेल्यावर तिचा फोन बंद केला नाही, कारण त्यावर ऑर्डरी येत होत्या. माधव नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेत असे. हाताखाली दोन बायका होत्या. बाहेर पाटी नव्हती. होळीला पुरणपोळ्या, गणपतीत मोदक, दिवाळीला फराळ, एवढे मला माहीत होते. मी कॉलेजात संस्कृत शिकवत होतो आणि निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत वाचत बसत होतो. मागे काय शिजते आहे ते वासावरून कळे. त्यापलीकडे मी कधी विचारले नाही.

ती श्रावणात गेली. दिवसकार्य झाल्यावर मुलगी इंदूरची नोकरी सोडून इथे राहायला आली. मी नको म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. त्या दिवसांत कुणी काही बोलले की मी मान हलवत असे.

"होळीपर्यंत बघते, बाबा," ती म्हणाली. "चाललं तर चाललं. नाही तर कामाच्या दोघी मावशींना दुसरीकडे काम बघून देऊ आणि मी परत जाईन. साहेब म्हणालेत, होळीपर्यंत जागा ठेवतो."

इंदूरला ती एका कंपनीत गिऱ्हाइकांचे काम बघे. गिऱ्हाईक कधी येते, काय घेते, यायचे कधी थांबते, हे बघून त्याला परत कसे आणायचे ते ठरवायचे. इथे तिच्याजवळ आईचा फोन होता. त्यात माणसांची नावे जवळजवळ नव्हतीच. "नानाखेडा रेल्वेवाले भाऊ, मार्गशीर्ष व. ७." "बँकवाल्या वहिनी, खीर कमी गोड, पौष शु. २." "भैरवगढ कापडछापावाले, वांगं नाही." असे शेकड्यांनी. मुलगी मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. माझा नंबर "घर" या नावाने होता. तेही तिने वाचले आणि पुढे गेली.

जुनी बिले आणि ही टिपणे जुळवून झाल्यावर ती एका दुपारी माझ्या खुर्चीसमोर येऊन बसली.

"बाबा, आईचं काम सणांवर चालत नव्हतं. श्राद्धांवर चालत होतं."

मला हे ठाऊक नव्हते. विचार केला तर साहजिक होते. या हिंदी मुलखातली मराठी घरे म्हणजे काही पिढ्यांपूर्वी दरबारी नोकरीत आलेली, काही बँकेत नाही तर रेल्वेत बदली होऊन आलेली आणि मग इथलीच झालेली. मुले पुण्याला, बंगळूरला. घरात दोन म्हातारी, किंवा एकच. वर्षश्राद्धाला वडे, खीर, गवार, पाटवड्या, कढी, लाडू एवढे सगळे कोण करणार? बायको तिथीच्या दोन-चार दिवस आधी फोन करी, "परवा-तेरवा आहे बरं का, किती पानं?" आणि श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा करी, मीठ कसे होते ते विचारायला. श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखत नाहीत. जेवणारा सांगेल तेव्हाच करणारीला कळते.

मुलीने हे फोन मोबाइलवरच्या निरोपांवर आणायचे ठरवले. सगळ्या तिथ्या तिने एका यादीत भरल्या, त्या पंचांगाच्या ॲपला जोडल्या, आणि ज्याची तिथी चार दिवसांवर आली त्याला आपोआप निरोप जाईल अशी सोय केली. निरोप साधा होता. अमुक तिथी अमुक वारी आहे, स्वयंपाक हवा असल्यास कळवा. ज्यांची तिथी आईच्या फोनमध्ये नव्हती त्यांना विचारून घेतली. फक्त दिवाळीचा फराळ नेणारी कितीतरी घरे तिने अशी जोडली.

दिवाळी झाली आणि कार्तिक शुद्धातले निरोप गेले. ज्यांना गेले त्यातल्या बहुतेकांनी ऑर्डर दिली. मागच्या खोलीतून पुन्हा तळणाचा वास येऊ लागला. मुलगी संध्याकाळी आलेख दाखवायची. रेघ वर जात होती. मी मान हलवायचो.

मग पौर्णिमा झाली आणि वद्य पक्ष लागला.

पहिला फोन एका बाईंचा आला. मुलीने स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"अगं, आमच्या सासूबाईंना महिनाभर आधीच बोलावलंस की! जिवंतपणी पण त्या अशाच न सांगता टपकायच्या."

मुलगी हसली. दुसऱ्या फोनवर ती हसली नाही. त्या घरची तिथी कार्तिक वद्यातली होती. ती होऊन गेली आणि निरोप आलाच नव्हता. त्यांनी वाट पाहिली आणि शेवटी कढी-भातावर भागवले.

तेव्हा मला कळले. आपला महिना अमावस्येला संपतो, इथल्या हिंदी घरांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्ष लागला की ते एक नाव पुढे जातात. आमची दिवाळी आश्विनातल्या अमावस्येची, समोरच्या शर्माजींसारख्यांची कार्तिकातली, आणि पणत्या एकाच संध्याकाळी लागतात. या गावात जन्म काढला तरी ते कधी आडवे येत नाही. मुलीचे ॲप इथले होते, आणि तिच्या आईने लिहिलेला मार्गशीर्ष त्याने त्यांचा धरला. वद्यातली सगळी घरे एकेक महिना अलीकडे सरकली होती. भरताना तिने मला काही विचारले होते की नाही, मला आठवत नाही. विचारले असेल तर मी मान हलवली असणार.

तिने ते तासाभरात दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी दुपारी नानाखेड्याहून रेल्वेवाले भाऊ आले. ते एकटे राहतात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षे झाली. हातात आमचा डबा होता, धुऊन पुसून आणलेला. रिकामा परत करू नये म्हणून त्यात साखर घातलेली.

"सर, मी तर करून बसलो हो," ते म्हणाले. "मेसेज आला, मी समजलो आहे. पान वाढलं, गाईला दिलं, शेजारच्या आजींना सवाष्ण म्हणून बसवलं. जेवून उठल्यावर त्या म्हणतात, अहो, अजून एक महिना आहे की!"

मुलगी दारात उभी होती. "काका, चूक माझी आहे. पैसे मी परत..."

"पैसे कोण मागतंय, बेटा? मी आयुष्यात कधी कॅलेंडर पाहिलं नाही. ड्यूटीचं टाइमटेबल ती बघायची. ती गेल्यावर तिचं टाइमटेबल वहिनी बघायच्या. फोन यायचा, भाऊ, परवा आहे बरं का." ते पाणी प्याले. "चलो, ठीक आहे. तिला वडे आवडायचे, या साली दोनदा खाईल. पण एवढी शिकलेली पोरगी तू, मला एक सांग. पुढच्या साली मी कुणाच्या भरवशावर राहू?"

फोन मुलीच्या हातात होता, तो तिने उलटा करून टेबलावर ठेवला. मी पंचांग काढून त्यांना खरा दिवस सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला आणि गेले.

निरोप आता बरोबर जात होते. पण उत्तरे येईनात. लोक निरोप वाचून घरी विचारत, पंचांग काढत, कुणी पुण्याला मुलाला फोन लावत, आणि त्यात ऑर्डर द्यायची राहून जाई. मावशी दुपारी लवकर घरी जाऊ लागल्या. मुलगी इंदूरच्या साहेबांशी गच्चीवर जाऊन बोलायची. मला ऐकू जाऊ नये म्हणून जात असावी. ती गेली तर घर कसे होईल, याचा विचार करून पाहिला. काही वाटले नाही. नुसते घर दिसले.

मार्गशीर्ष वद्यातल्या खऱ्या सप्तमीला भाऊंनी पुन्हा स्वयंपाक सांगितला. वर म्हणाले, दोघेही जेवायला या, शेजारच्या आजी नातीकडे गेल्यात, पान रिकामं राहायला नको. मुलगी स्कूटीवर पुढे डबा ठेवून मला मागे बसवून घेऊन गेली. थंडी होती. भाऊंनी स्वतः पाने वाढली. एक पान तसबिरीपुढे ठेवले.

मी जेवलो. बायको गेल्यापासून मला चव नीट कळत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, येईल.

"कसं झालंय, काका?" मुलीने विचारले.

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"गवारीत मीठ कमी. कढीत पण. वहिनींचा हात जरा भारी होता."

"लाडू?"

"लाडूला नाव ठेवलं तर वर बसलीये ना, ती मला मारेल."

मुलगी हसली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला पण कमी लागलं?" मी म्हणालो, मला कळले नाही.

परतताना स्कूटी चालवताचालवता ती मागे न बघता म्हणाली, "निरोप बंद करते. यादी मी काढून देईन, तिथ्या तुम्ही तपासा. आणि फोनही तुम्हीच करा."

"मी काय बोलणार?"

"आई काय बोलायची?"

मी ते कधी नीट ऐकले नव्हते. दोन खोल्यांपलीकडून तिचा आवाज यायचा, शब्द नाही.

"होळी झाली की तू जाणार," मी म्हणालो.

"ते तुम्ही किती फोन करता त्यावर आहे," ती म्हणाली.

पाच-सहा दिवसांनी एका सकाळी मी बायकोचा फोन घेतला. यादीत पहिली तिथी बँकवाल्या वहिनींची होती, पौष शुद्ध द्वितीया, चार दिवसांवर. मी पंचांगात पाहिले, मग मुलीच्या कागदावर, मग पुन्हा पंचांगात. नंबर लावला. पलीकडे बाईंनी उचलला आणि काही बोलण्याआधी जरा थांबल्या. त्या नंबरवरून कोण बोलणार, असे त्यांना वाटले असेल. मी सांगितले, मी त्यांचा नवरा. शनिवारी द्वितीया आहे. पंचांगात पाहून सांगतोय.

"हो का," बाई म्हणाल्या. "बरं झालं. चार पानं करा. आणि वड्यांचं मीठ..."

"दुसऱ्या दिवशी फोन करून विचारीन," मी म्हणालो.