हात मोकळे ठेवणारं कापड

"वर गेलाय गं," असं पुटपुटत ताई मागून यायच्या, माझा कुर्ता खाली ओढायच्या आणि पुढे निघून जायच्या. ऑफिसमधल्या प्रत्येक बाईचं त्यांनी काही ना काही सरळ केलं होतं. कुणाची ओढणी, कुणाची कॉलर. आमच्या फिलिपिनो रिसेप्शनिस्टचा स्कर्टही त्यांच्या हातून सुटला नव्हता. स्वतः खुर्चीतून उठल्या की एक हात आधी पाठीमागे जायचा, कमीज सारखी करायचा, आणि मगच पाऊल पुढे पडायचं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आरशात पाहिलंत तरी सापडेल.

शारजाच्या औद्योगिक भागात आमचं टाइल्सचं गोदाम आणि त्यावरच ऑफिस. ताई अकाउंट्सला, मी शेजारच्या टेबलावर. त्या मूळच्या ठाण्याच्या, लग्नानंतर इथे येऊन अल नहदा वस्तीत मुरलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या.

एका हिवाळ्यात आमच्या मॅनेजरच्या डोक्यात चिखलाच्या शर्यतीचं खूळ शिरलं. वाळवंटात चिखल कुठला, तर टँकरने पाणी आणून मुद्दाम कालवतात. मग शहाण्यासुरत्या माणसांनी त्यात सरपटायचं, दोरीला लोंबकळायचं, भिंती चढायच्या. वर ह्या गृहस्थाने कसलासा परदेशी व्हिडिओ पाहिला होता, म्हणून अख्ख्या टीमने किल्ट घालायचा असं ठरलं. किल्ट म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो चुण्यांचा, चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा.

मी नाव देणार नव्हते. ताईंनी स्वतःचं दिलं आणि माझंही दिलं.

"पुरुषांसाठी शिवलेला घागरा आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यात सावरायची भानगड नसणार. त्यांनी ती अंगाला लावून घेतली असती का?" मग आवाज खाली आणला. "अगं, सगळा जन्म पदर आणि ओढणी धरण्यात गेला. एकदा तरी मला दोन्ही हात मोकळे ठेवून पळायचंय. बाकी काही नको."

कापड आलं ते लाल चौकड्यांचं, पातळ, चकचकीत. मॅनेजरने फोटोवरून पसंत केलेलं. ताईंनी टेबलावरच त्याचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि हातावर ठेवलं. ते असं काही चिकटलं की खालचा तीळ दिसायला लागला.

"सर, ये गीला होके बदन को चिपकेगा."

"मॅडम, नीचे टाइट्स पहनो ना. व्हॉट्स द प्रॉब्लेम? लुक अच्छा है."

घरी त्यांचा मुलगाही तेच म्हणाला. "आई, जस्ट वेअर लेगिंग्ज. नोबडी इज लुकिंग."

"हो रे बाबा, नोबडी कधीच बघत नाही," ताई म्हणाल्या.

मला आजही आठवलं की डोकं फिरतं. भिंत चढताना दोन्ही हात भिंतीलाच हवेत. एक हात मागे गेला की बाई खाली. ही साधी गोष्ट त्या मॅनेजरला समजावून का सांगावी लागावी? कापड ओलं झालं की अंगावर कसं दिसेल, हा प्रश्न त्याला उभ्या आयुष्यात पडलाच नव्हता, आणि ताईंना तो शाळेच्या वयापासून रोज पडत होता.

मग त्या कापड शोधायला निघाल्या, आणि मला घेऊन निघाल्या. दुकानदाराला ठणकावून विचारायच्या, "भाईसाब, गीला होने के बाद चिपकता है क्या?" दुकानदार छताकडे बघत म्हणायचा, "मॅडम, इसमें शायनिंग बहुत अच्छी है." शायनिंग! पहिल्यांदा त्यांनी जाड कॅनव्हास घेतलं आणि कुंडीतली माती कालवून बादलीत बुडवलं. दुसऱ्या दिवशी कमरेला गुंडाळून पाहिलं, तर भिजलेल्या सोलापुरी चादरीसारखं जड. घरात दोन फेऱ्या मारेपर्यंत ते कमरेवरून घसरलं. पुन्हा सावरणं आलंच. लोकरीचं तर निथळतच नव्हतं. यजमान म्हणाले, "अगं, चिखलात लोळायचंय, लग्नाला नाही जायचंय." ताईंनी तीच बादली त्यांच्या पुढ्यात आदळली.

उत्तर आमच्या खिडकीखालीच होतं. गोदामातली मंडळी दिवसभर निळ्या कव्हरॉलमध्ये, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतच्या सलग कामाच्या कपड्यात वावरतात, संध्याकाळी कपड्यांसकट पाण्याच्या पाइपखाली उभी राहतात आणि बस येईपर्यंत अर्धी सुकतात. ताई वरून बघतच राहिल्या. कव्हरॉल शिवणाऱ्याकडून त्यांनी तेच टेरिकॉट आणलं. भिजवलं, माखलं, नेसल्या, जिना चढल्या, उतरल्या. ना चिकटलं, ना घसरलं. चुण्या कमरेपासून खाली वीतभर शिवून टाकल्या, म्हणजे उडायलाही नकोत. त्यांनी तीन किल्ट शिवून घेतले: एक त्यांचा, एक माझा, एक रिसेप्शनिस्टचा.

मॅनेजरने ते निळे किल्ट पाहिले आणि म्हणाला, "कलर मॅच नहीं होता. टीम का कपडा नहीं, तो टीम में नहीं." एवढं बोलून त्याने आम्हा तिघींची नावं काढून टाकली. कापडाच्या रंगासाठी.

मला वाटलं, संपलं. ताईंनी फक्त चष्मा पुसला. "खलास. आपण आपल्या नावाने पळू. यल्ला, चला."

आम्ही पळालो. पळालो म्हणजे धडपडलो. पण ती भिंत मला विसरता येत नाही. ताई माझ्या पुढे होत्या, मानेपर्यंत माखलेल्या. निम्म्यावर गेल्यावर त्यांचा उजवा हात सवयीने मागे गेला. किल्ट होता तिथेच, सरळ लोंबत होता. करण्यासारखं तिथे काही नव्हतं. हात क्षणभर हवेत थांबला आणि परत भिंतीवर गेला. वर पोचून त्या पाय सोडून बसल्या आणि दोन्ही तळवे आम्हाला दाखवत राहिल्या. मागची माणसं ओरडत होती, त्यांना ऐकू येत नव्हतं.

टीमचा फोटो अजून आमच्या रिसेप्शनमध्ये टांगलेला आहे. सगळे पुरुष, लाल चौकड्यांत, दात काढून. खाली इंग्रजीत लिहिलंय की महिलांनीही उत्साहाने भाग घेतला. मी रोज त्याखालून जाते आणि रोज संतापते.

पुढच्या वर्षी यजमानांची नोकरी संपली आणि ताई ठाण्याला परत निघाल्या. विमानतळावर मी त्यांना मिठी मारली तेव्हा माझा कुर्ता पाठीमागून वर सरकला. त्यांचा हात तिकडे गेल्याचं मला जाणवलं. कापडाला टेकला आणि तसाच मागे आला.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलत आत गेल्या.