पळसाचं पान

काकी कुणाच्याही घरात शिरली की आधी आढ्याकडं बघायची, माणसांकडं नंतर. मी मुरबाडकडची, नवी सून होऊन शहापूरच्या बाजूला आले, तेव्हा मला वाटलं, ही शेजारीण आमच्या घराला नजरच लावतेय. "घर कशावर उभं हाय ते बघावं गो आधी," ती म्हणायची, "मग पाणी प्यावं."

तेव्हा घरं कुडाची. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप. छप्पर उभं असायचं ते मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर. त्यामुळं कूड पाडायचा तर बुडाला पहार घालायची नि ढकलून द्यायचा, झालं. "मेढ म्हंजे हाड, कूड म्हंजे लुगडं," काकी सांगायची, अगदी पंचांसमोरसुद्धा, आणि पुरुष खाली बघायचे.

ती विधवा झाली आणि वर्षाच्या आत धाकट्या दिरानं सामाईक गोठ्यात मधोमध भिंत घातली. तो तानसा तलावाच्या नळाच्या कामावर मुकादम होता. उरलंसुरलं सिमिट आणून त्यानं खडी-वाळूची अशी भिंत ओतली की लोक बघायला यायचे. दार गेलं त्याच्या बाजूला. काकीच्या वाट्याला काळोख, नि गुरं आत घ्यायला मागच्या कुडाचं भोक. तिनं कंटाळून गुरं विकावीत नि माहेरी जावं, एवढाच त्यात डाव. तिनं पंच बसवले. पंच म्हणाले, भिंत पाड, तुझा हक्क आहे. पण छप्पर खाली आलं तर अख्खा गोठा दिराचा.

"बायका कूड सारवतात वैनी," मुकादम म्हणाला, "सिमिट नाय फोडत."

"मग बघायला ये," काकी म्हणाली.

काकीनं बोलावलेले दोन गडी आले नि सवयीनं त्यांनी भिंतीच्या बुडाशीच पहार लावली. काकी सरळ पहारीसमोर जाऊन बसली. "वर बघा रे." आम्ही वर पाहिलं. भिंतीला जागा करायला मुकादमानं मधली मेढ कापून टाकलेली, आणि सगळी तुळई सिमिटावर टेकलेली. "यानं हाड काढलाय, नि भार लुगड्यावर दिलाय," ती म्हणाली. बुडाला एक घाव बसता तर छप्पर आमच्यावर आलं असतं, आणि गोठा गेला असता तो वेगळाच.

तिनं गुरं बाहेर काढली. भिंतीवरची कौलं उतरवून पेंढ्यावर रचली. भिंतीच्या दोन्ही अंगांना ऐनाच्या लाकडाचे टेकू हवे होते, तर मुकादम म्हणे, माझ्या बाजूला टेकू नाय. काकीनं त्याला शांतपणे विचारलं, मग छप्पर तुझ्या बैलांवर घेतोस का. तो बैल सोडायला गेला.

टेकूखाली चपटे दगड, वर पाचरा. एक ठोका या पाचरेला, एक त्या, आणि दर ठोक्याला कान लावून ऐकायची. शेवटी तिनं पळसाचं पान मागितलं. मीच दिलं. शिडीवर चढून तिनं ते तुळई नि भिंतीच्या मधून सरकवलं. आरपार गेलं.

"आता ही भिंत कुणालाच धरून नाय," ती म्हणाली. "पाडा. पण वरनं."

चार दिवस छिन्नी-हातोडा चालला, वरून खाली, वीत वीत. भिंतीच्या पायथ्याशी तिनं कुणाला उभं राहू दिलं नाही, बघायला आलेल्या पंचांनासुद्धा नाही. त्यांना म्हणाली, निकाल दिलात, आता लांब बसा. भिंत जमिनीला टेकली तेव्हा त्याच जागी खड्डा घेऊन नवी मेढ रोवली, आणि मगच टेकू काढले. छप्पर हललं नाही.

दोन उन्हाळ्यांनी मुकादमाच्या घराची तुळई वाकली. तो काकीच्या अंगणात येऊन नुसता उभा राहिला. काकी उठली नाही. टेकू माझ्या हाती पाठवले नि वर निरोप : "सांग त्याला, पान जाईस्तोवर घाव घालू नको."

काकी गेली तेव्हा खांदा द्यायला पहिला तोच पुढं झाला. तिला उचलायच्या आधी तो एकटा गोठ्यात शिरला. बैलांकडं त्याचं लक्षच नव्हतं. उंबऱ्याच्या आत उभा राहून त्यानं आधी वर बघितलं.