बाळंतिणीवरची चिंच

माणूस समोर आला की हा लाकूडतोड्या आधी त्याला आपादमस्तक न्याहाळायचा आणि निकाल द्यायचा, "तुमी दोराला चालाल." किंवा, "तुमी न्हाई चालायचे." दोराला म्हणजे झाड पाडताना खालून दोर धरायला. वाकडे झाड अडचणीतून काढावे तर त्यानेच, असे पुण्यात म्हणत. सगळ्यांत जास्त वेळा तो स्वतःच म्हणे. एकदा एका सरदारांच्या कारभाऱ्यांना त्याने भर बाजारात "न्हाई चालायचे" ठरवले. त्यांचे तोंड तुम्ही बघायला हवे होते.

मला मात्र पहिल्याच भेटीत "चालाल" म्हणाला. भिक्षुकी करून मी विद्या फारशी मिळवली नव्हती. श्रीमंतांच्या वाड्यातल्या पंगतींनी जे दिले ते सगळे अंगावरच होते, आणि त्याचे कौतुक करणारा हा एकटाच भेटला.

पुढे एका पावसाळ्यात आमच्या परसातल्या चिंचेची मुळे उघडी पडली आणि ते थोरले झाड बाळंतिणीच्या खोलीवर कलले. आत माझी बायको आणि नुकती जन्मलेली मुलगी. बायकोला उठवत नव्हते, आणि सोयर चालू असताना बाळंतीण घरात घेणार कोण? परस तरी केवढे! दोन्ही बाजूंना भिंती, मधे आड.

"बुंध्याला घाव घातला तर सरळ खोलीत जाईल," तो म्हणाला. "वरनं येकेक फांदी दोरानं उतरवायची."

आळीतले धडधाकट पुरुष जमले, पण भिंतीपलीकडेच उभे राहिले. आमच्याकडे येऊन दोराला हात लावला की विटाळ, आणि दुसऱ्या दिवशी तर वाड्यात भोजन. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

"मग तुमीच," असे म्हणून त्याने आडाजवळच्या दगडी खांबाला दोराचे वेढे दिले, टोक माझ्या हाती दिले आणि सरसर वर चढला.

पहिल्या फांद्या बऱ्या उतरल्या. भिंतीपलीकडून कोणी तरी "वा, भटजी!" म्हणाले. मला ते आवडले, म्हणून मी मान वळवली. तेवढ्यात खोलीवरची सगळ्यांत जाड फांदी तुटली आणि मी पोटावर फरपटत खांबाला जाऊन आदळलो.

"धरा, भटजी! पोरगी हाय खाली!" तो वरून ओरडला.

फांदी कौलांवर वीतभर लोंबकळत राहिली. मी दोर सोडला नाही हे खरे. पण तो धोतरात गुंतला होता, आणि सगळी आळी बघत होती. आत मुलगी रडायला लागली, बाहेर मी. तो झपाझप उतरला, माझ्या मागून दोर धरला आणि आम्ही फांदी हळूहळू परसात उतरवली.

संध्याकाळपर्यंत चिंचेचे सरपण झाले. "बघितलं? कौल हाललं न्हाई!" असे आळीला ऐकवून तो ऐटीत निघून गेला.

पुढे त्याच मुलीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन मी लोणी काळभोरला त्याच्या घरी गेलो. दारात त्याची बायको आली. "ते गेलं की, भटजी. तापानं." मी कोण ते तिला सांगितले.

"म्हंजी तुमचीच का ती पोर? त्या दिशी घरी आलं तवा हात लटलट कापत व्हतं त्यांचं. भाकर मोडंना. म्याच भरवली."

त्या दिवशी मी दोनदा जेवलो होतो.